तात्यांचं जर्मन

भर एसटी स्टँडवर, सकाळच्या गर्दीत, झुबकेदार मिशांचा साठीचा बाप्या छाती पुढे काढून एकदम "इश्श!" म्हणाला तर तुम्ही काय कराल? मी तर हातातला चहा सांडला होता. केळीवाल्या दोघी पदर तोंडात कोंबून अशा हसल्या, की समोरचं गिऱ्हाईक निघून गेलं तरी त्यांना पत्ता नाही. बरं, म्हणून थांबावं ना माणसानं? छे! "इश्श बिन, डू बिस्ट, एर इस्ट," असं घोकत हे महाशय फलाट एकवरून निघाले, चारपर्यंत गेले आणि घोकतच परत आले.

हे आमचे गणपत तात्या. शहापूर-मुरबाड गाडीवर कंडक्टरकी करण्यात उभा जन्म गेला. किन्हवलीला कोण चढणार, सरळगावला कोण उतरणार, कुणाच्या टोपलीत कोंबडी लपवलीय, सगळं पाठ. रिटायर झाले तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर हजर. आणि मी शोभा. स्टँडला लागूनच माझं एसटीडी-आयएसडी बूथ. काचेची एक केबिन, एक फोन, एक झेरॉक्सचं मशीन आणि एक मी. तेव्हा अजून खिशाखिशात मोबाइल आले नव्हते, त्यामुळे अख्ख्या मुरबाडचं सुखदुःख माझ्या काचेतून ऐकू यायचं. तोंड मात्र मी बंद ठेवायची. आज उघडतेय ते तात्यांच्या परवानगीनं. "सांग लोकांना," म्हणाले, "पण 'इश्श' नीट सांग, एक श जास्ती."

तर इश्श म्हणजे जर्मन भाषेत 'मी'. तात्या जर्मन शिकायला लागले होते! कुणाला खरं वाटावं? त्यातून आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मनचा टोप, जर्मनची परात. धसईच्या बाजारात तात्यांनी एका भाजीवाल्या आजीला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आजी, मी जर्मन शिकतोय." आजीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "त्यात काय शिकायचाय रं? जर्मनच्या टोपात चिंचेचं सार करू नाय, झालं!"

पण तात्या हरतील तर शपथ. पहिल्या आठवड्यातच ते माझ्या बूथमध्ये धापा टाकत घुसले. "शोभा! शोभा! अगो, ही तर आपलीच भाषा हाय!"

"काय झालं तात्या?"

"तो, ती, ते! इंग्रजीत हाय का? नाय! हिंदीत ते हाय का? नाय! जर्मनीत हाय! देअर, डी, दास. तो, ती, ते. आपली भावकीच गो ही!"

दोन दिवसांनी परत धापा. "एकवीस! बोल, एकवीस म्हणजे काय? आधी एक, मंग वीस. इंग्रज काय म्हणतो? आधी वीस, मंग एक. उलट्या डोक्याचा! आणि जर्मन काय म्हणतो? आइन-उंट-स्वान्सिश. एक आणि वीस! आपल्यासारखा सरळ माणूस."

"मधे उंट कुठून आला?"

"उंट म्हणजे 'आणि'," तात्या म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "आता तिकडं उंट नसंल, म्हणून चालून जातंय."

तिसऱ्या वेळी विभक्त्या. "आपल्याकडं आठ, त्यांच्याकडं चार! निम्म्या मेहनतीत भाषा!" त्या दिवशी ते इतके खूश होते, की त्यांनी स्टँडवरच्या कुत्र्यालाही बिस्कीट घातलं.

अभ्यासाची पद्धत काय विचारता! मिठाईच्या खोक्याला आडव्या पट्ट्या लावून त्यांनी तिकिटांचा ट्रे बनवला होता. त्यात तिकिटांएवढे कापलेले पुठ्ठे, प्रत्येकावर एक शब्द. 'तो'वाले हिरवे, 'ती'वाल्या गुलाबी, 'ते'वाले पांढरे. शब्द पाठ झाला की पंचनं कोपऱ्याला भोक. विसरला, तर शब्द विनातिकीट! मग तो खाली उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत चढवायचा. पांढऱ्यांना ते हाफ तिकीट म्हणायचे, कारण जर्मनीत मुलगी 'ती' नसते, 'ते' असते. मी म्हटलं, हा काय अन्याय? तर माझ्यावरच डाफरले. "अन्याय कसला? आपण नाय का म्हणत, 'ते पोर आलं, ते पोर निजलं'? बारकं हाय तवर 'ते'च बरं वाटतं गो." सूर्य मात्र तिकडे बाई आहे हे कळल्यावर त्यांनी तो पुठ्ठा दिवसभर उलटसुलट करून पाहिला.

या जर्मननं गावाचे जे हाल केले ते वेगळेच. शेजारचा एकजण डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन चालला होता. तात्यांनी अंगणातून हात हलवून ओरडून सांगितलं, "गुटन टाक!" म्हणजे नमस्कार. त्यानं ऐकलं, "गोठ्यात टाक!" आता कंडक्टरचा आवाज तो, हुकूमच वाटायचा. बिचाऱ्यानं भारा तात्यांच्या गोठ्यात टाकला आणि घाम पुसत निघून गेला. संध्याकाळी त्याची बायको पेंढा शोधत आली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

त्याहून मोठा घोळ केला तो 'या'नं. जर्मनीत 'हो' म्हणजे 'या'. पोस्टमननं रस्त्यावरून विचारावं, "तात्या, बरंय का?" तात्या म्हणणार, "या!" पोस्टमन सायकल लावून घरात. कुणी विचारावं, "तात्या, चहा झाला का?" तात्या, "या, या!" की तो माणूस चपला काढून ओटीवर. एके दिवशी तर नुसती मयताची वेळ विचारणारे तिघे पाहुणे पोहे खाऊन गेले! तात्यांच्या घरच्या, आम्ही त्यांना काकी म्हणतो, एकदा वैतागून माझ्याकडे आल्या. "शोभा, ह्यांना सांग गो कायतरी. ह्यांच्या त्या जर्मनपायी माज्या घरातलं दूध उरत नाय!"

मी तात्यांना विचारलं, "हो म्हणायला काय होतं?"

"सवय लागली पायजे," तात्या म्हणाले. "टाइमावर तोंडातून बरोबर शब्द आला पायजे."

कुठल्या टाइमावर, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलं, की "डोकं गंजू नाय म्हणून शिकतो" हे ठरलेलं उत्तर. लोक काय, काहीही बोलायचे. कुणी म्हणे कारखान्यात जर्मन साहेब येणार आहे, तात्यांना नोकरी लागणार. कुणी म्हणे उतारवयात असं होतं. पण मला ठाऊक होतं. माझ्या बूथमध्ये घडलेली गोष्ट मला ठाऊक नसणार तर कुणाला?

तात्यांना एकच मुलगी, अनिता. भलती हुशार. पुण्याला इंजिनिअर झाली, तिथेच संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाऊ लागली आणि पुढे शिकायला जर्मनीला गेली. तात्यांनी स्टँडवर पेढे वाटले होते, ड्रायव्हरांना दोन-दोन. आणि मग, तात्यांच्या या जर्मनच्या सात वर्षं आधी, माझ्या फोनवर तिनं सांगितलं, की तिकडचाच एक मुलगा आहे, लग्न करतेय. तात्या केबिनमध्ये उभे होते. दार उघडंच होतं, आतला पंखा बंद पडलेला. ते म्हणाले, "मंग तिकडंच ऱ्हा. हिकडं येऊ नको." आणि फोन ठेवला. बाहेर फोनसाठी चार माणसं ताटकळत होती. त्यांच्याकडे बघून तात्या म्हणाले, "चला, पुढं सरका." गाडीत म्हणायचे तसंच. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकी दयाही आली होती, की मी त्यांच्याकडून फोनचे पैसे मागायलाच विसरले.

गावानं तरी सोडावं? "तात्यांना जर्मनचा जावई मिळाला! ठोकून बघितला का, पोचे जातात हो!" हा विनोद वर्षभर चालला. तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

अनिता मात्र दर रविवारी दुपारी तीनला माझ्या बूथवर आईसाठी फोन करायची. काकी आत, तात्या बाहेरच्या बाकावर काचेकडे पाठ करून. गाड्यांचं वेळापत्रक वाचत बसायचे. स्वतःला तोंडपाठ असलेलं वेळापत्रक! पुढे अनिताला मुलगी झाली. लीना. ती बोलायला लागल्यावर फोनवर आली, पण बोलायची सगळं जर्मन. अनिता तिला मराठी शिकवायची, पण पोर दिवसभर पाळणाघरात. ऐकलेलं कळायचं थोडंफार, तोंडातून निघायचं ते बापाचंच. काकी रिसीव्हर कानाला लावून नुसत्या हसायच्या, "होय गो माजी बाय, होय होय" म्हणायच्या आणि डोळे पुसत बाहेर यायच्या. एका रविवारी त्या तात्यांना म्हणाल्या, "आज लई बोललं पोर. काय बोललं, ते देवाला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यात अनिताची पुण्याची वही होती, जर्मनच्या पहिल्या वर्गाची. वर जर्मन, खाली देवनागरीत उच्चार, पुढे मराठी अर्थ. तीच तात्यांची शाळा आणि तोच मास्तर.

एके दुपारी ती वही उघडी धरून ते माझ्याकडे आले. धापा नव्हत्या, आवाज नव्हता. एका ओळीखाली बोट ठेवून म्हणाले, "वाच."

मी अडखळत वाचलं, "माइन फाटर इस्ट शाफनर." पुढे अनिताच्या गोल अक्षरात अर्थ होता: माझे वडील कंडक्टर आहेत.

"चौथ्या धड्यात मी हाय गो," तात्या म्हणाले. "वर्गात उठून, सगळ्यांसमोर बोलली असंल, नाय?"

"बोललीच असणार," मी म्हटलं. मी उगाच मशीनचं झाकण उघडून पुसायला लागले. त्यांनी त्या ओळीचा पुठ्ठा केला नाही, पंचही मारला नाही. वही शर्टाच्या आत घालून गेले.

वहीत बाराच धडे होते. तेराव्यापासून कोरी पानं. म्हणजे तात्यांचं सगळं जर्मन वर्तमानकाळातलं. मी एकदा खोडी काढली. "तात्या, 'मी तेव्हा चुकीचं बोललो' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "भूतकाळ तेराव्या धड्यात असंल," म्हणाले. "माज्याकडं नाय."

आणि मग तो सप्टेंबर आला. अनितानं काकींना सांगितलं, की नाताळात तिघांना रजा आहे, तिकिटं काढायची तर याच महिन्यात काढायला हवीत. लीना सारखी विचारते, आजोबांचं घर कुठं आहे. "पण आई," ती म्हणाली, "बाबांनी येऊ नको म्हटलंय. त्यांच्या तोंडून 'ये' ऐकल्याशिवाय मी दारात पाय ठेवणार नाही." मुलगी कुणाची? तात्यांचीच ना! काकींनी हे त्यांना सांगितलं, तर ते उठून गुरं नसलेल्या गोठ्यात जाऊन बसले. काकी माझ्याजवळ येऊन रडल्या. "एक अक्षर हाय गो. 'ये.' येवढी जर्मनी पाठ केली, ह्यांना येक अक्षर निघत नाय."

पुढच्या रविवारी काकींचा गुडघा दुखायला लागला. इतका, की स्टँडपर्यंत चालवेना. (हा गुडघा सोमवारी पहाटे ठणठणीत बरा झाला, हे मी आपलं सांगून ठेवते.) तात्या तीनला पाच कमी असताना एकटेच आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात वही.

"झेरॉक्स काढायची हाय," म्हणाले. "पेन्सिल पुसट होत चाललीय."

"सगळ्या वहीची?"

"सगळ्या. नीट काढ. घाई नाय."

मी मशीनचं झाकण उघडते न उघडते तोच फोन वाजला. तात्या जागचे हलले नाहीत. दुसरी घंटा. तिसरी. मी म्हटलं, "तात्या, उचला की! माझे हात अडकलेत." माझे हात कुठले अडकलेत, कंबरेवर होते!

तात्या केबिनमध्ये शिरले. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर टोपी सारखी करतो तसा डोक्यावर हात फिरवला. टोपी नव्हती. रिसीव्हर उचलला.

"हालो ओमा!" पलीकडून चिमणा आवाज. ओमा म्हणजे आजी. माझा तो फोन जुना, पलीकडचं बोलणं दारापर्यंत ऐकू यायचं.

तात्यांनी घसा खाकरला. "नाइन," म्हणाले. म्हणजे नाही. "ओपा." म्हणजे आजोबा.

पलीकडून कान फाटेल अशी किंकाळी, "ओपा? ओपा!" आणि त्यानंतर जो काही धबधबा सुरू झाला! तात्या दोन पावलं मागे सरकले.

"लांगझाम, बिटे!" ते गाडीतल्या आवाजात गरजले. सावकाश, प्लीज! धबधबा थांबला. पलीकडून खुदकन हसू आलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं जर्मनचंच!

मग काय विचारता! तात्यांनी पहिल्या धड्यापासून गाडी सोडली. तुझं नाव काय? लीना. तुझं? इश्श हाइसं गणपत! वय किती? फ्युन्फ! "पाच!" तात्या माझ्याकडे वळून ओरडले. "हाफ तिकीट गो, शोभा, हाफ तिकीट!" सूर्य आहे का? आहे. मांजर आहे का? आहे. काळं की पांढरं? काळं! प्रत्येक उत्तर समजलं की तात्या काचेवर दोनदा टकटक करायचे, डबल बेल. बाहेर गर्दी जमली. केळीवाल्या दोघी काचेला नाक लावून उभ्या, पण आज एकही हसत नव्हती. मीच मधे टाळ्या वाजवल्या.

मग पोरीनं काहीतरी विचारलं, त्यातला एक शब्द मलाही कळला. शाफनर.

तात्यांनी छाती पुढे काढली. "या," ते म्हणाले. "या! इश्श बिन शाफनर." मी कंडक्टर आहे. 'होतो' त्यांच्या वहीत नव्हतंच.

एवढ्यात पलीकडून मोठा आवाज आला. "आण इकडे बाळा... हॅलो, आई? कुणाशी बोलतेय ही? कोण आहे तिथं?"

तात्यांचं सगळं जर्मन गेलं. मराठीही गेलं. रिसीव्हर दोन्ही हातांत धरून ते नुसते उभे राहिले.

"हॅलो? आई?" मग अगदी हळू, "बाबा? तुम्ही आहात?"

बाहेरच्यांना मी हातानंच पांगवलं. बापलेकीचं बोलणं कुणी ऐकू नये म्हणून मशीन चालू केलं, घरघर सुरू झाली. पण मी उभी होते दारातच, आणि स्वतःचे कान काही बंद करता येत नाहीत.

"या," तात्या म्हणाले.

पलीकडे अनिता थांबली होती. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

"या," ते पुन्हा म्हणाले. या खेपेला आवाज गाडीतला नव्हता, घरातला होता.

"बाबा," अनिता म्हणाली, "पहिला 'या' कळला मला. हा दुसरा कंच्या भाषेतला?" जर्मनीत इतकी वर्षं राहून पोरगी 'कंच्या' म्हणाली.

"आपल्या," तात्या म्हणाले. "एकटीला 'ये' म्हणालो असतो गो. पण तुमी तिघं हाव. अनेकवचन हाय."

पलीकडून फक्त रडण्याचा आवाज येत होता, आणि मधेच ते पोर काहीतरी विचारत होतं. तात्या रिसीव्हर कानाला घट्ट लावून "या, या" म्हणत राहिले, आणि आता ते कुठल्या भाषेत म्हणतायत हे कुणी विचारत नव्हतं. माझ्या मशीनमध्ये पान लावायचं राहूनच गेलं होतं. एकामागून एक कोरे कागद बाहेर पडत होते. पडू देत, म्हटलं, आणि पदरानं डोळे पुसले.